पावसाळा लागला की ही विमान कंपनी जुहूवरून येरवड्याला मुक्काम हलवायची : जेआरडी टाटा आणि विमानांच्या घराची गोष्ट

पावसाळा लागला की जुहूच्या मैदानावर आवराआवर सुरू व्हायची. विमानं दोन, वैमानिक तीन, मेकॅनिक तीन. एवढीच कंपनी. ती उचलायची आणि थेट पुण्याला न्यायची. पुण्यात उतरायचं कुठे, तर येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. पाऊस संपला की परत जुहू.

ही गोष्ट १९३० च्या दशकातली. तेव्हा या कंपनीला टाटा एअरलाइन्स म्हणायचे. पुढे तिचंच नाव एअर इंडिया झालं.

आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? मुंबईत पाणी तुंबलं म्हणून पुण्याला गेले, एवढंच ना? पण थोडं थांबा. विमान कंपनीचं घर कुठे असतं, ते कोण ठरवतं आणि ते हलवायचा हक्क कोणाला असतो, या तीन प्रश्नांभोवती जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा या माणसाची जवळजवळ साठ वर्षं गेली. पहिल्यांदा घर हलवलं ते पावसाने. नंतर हलवलं ते सरकारांनी.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. विमान जगभर फिरत असलं तरी त्याला एक घर लागतं. या धंद्यात त्याला बेस म्हणतात, मराठीत तळ. तिथे हँगर असतो, सुटे भाग असतात, विमान तपासून सही करणारे परवानाधारक इंजिनिअर असतात. ठरावीक तास उडालं की विमानाची ठरावीक तपासणी झालीच पाहिजे. त्यातल्या छोट्या तपासण्या कुठेही रात्रीत उरकतात. मोठ्या तपासणीला विमान पार उघडावं लागतं, आणि ते अनेक दिवस जागचं हलत नाही. म्हणजे तिकीट विक्री कुठूनही करता येते, ऑफिस कुठेही थाटता येतं, पण हँगर आणि त्यातली माणसं रातोरात उचलून नेता येत नाहीत.

जेआरडींच्या पहिल्या कंपनीला ते जमायचं, कारण ती दोन विमानांची होती.

फ्रान्समधला पोरगा

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय टाटा, जमशेदजींच्या नात्यातले आणि टाटा समूहातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच, लग्नानंतर सूनी झाली. घरात बोलणं फ्रेंचमध्ये. सुट्टीला हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्डलो या गावी जायचं. तिथेच लुई ब्लेरिओचंही घर होतं. हा तोच ब्लेरिओ, ज्याने १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली. शेजारीच असा माणूस असेल तर पोराच्या डोक्यात विमान शिरणारच. तसं ते शिरलं.

तरुणपणी जेआरडींनी वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी केली. डिसेंबर १९२५ मध्ये ते टाटांच्या कामात बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले.

१९२९ हे वर्ष महत्त्वाचं. १० फेब्रुवारीला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेल्या या परवान्यावर क्रमांक होता १. शिकले होते जुहूलाच, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. आणि याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. आपण कोणत्या देशाचे हे त्यांनी असं ठरवून निवडलं. नागरिकत्व ही गोष्ट विमान कंपनीलाही लागते. ते पुढे येईलच.

१९३० मध्ये आगा खान यांनी बक्षीस लावलं होतं : इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने विमान उडवत जो भारतीय आधी पोहोचेल त्याला. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून इंग्लंडहून अ‍ॅस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा येत होता. दोघांची इजिप्तमध्ये अबुकीरला गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लग नसल्याने अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अ‍ॅस्पी थोडक्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे हाच अ‍ॅस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

टाटांची ही गोष्ट चांगुलपणाची म्हणून नेहमी सांगितली जाते. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वैमानिक कितीही तयारीचा असो, एक सुटा भाग जवळ नसला की तो परमुलखात बसून राहतो.

कराचीच का?

टाटा एअरलाइन्सचं पहिलं उड्डाण कराचीहून झालं, हे बहुतेकांना माहीत असतं. कराचीच का, हे सहसा कोणी सांगत नाही.

कारण साधं आहे. १९२९ पासून ब्रिटिशांची इम्पिरियल एअरवेज लंडनहून टपाल घेऊन कराचीपर्यंत यायची. कराचीला उतरलेलं टपाल मुंबई-मद्रासला जायचं ते रेल्वेने. म्हणजे लंडन ते कराची पत्र हवेतून यायचं, आणि त्यापुढचा प्रवास जुन्याच वेगाने. ही फट दिसली नेव्हिल व्हिन्सेंट या माणसाला. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला, भारतात विमानाच्या फेऱ्या मारून पोट भरणारा हा वैमानिक. त्याने योजना मांडली : कराचीहून अहमदाबाद, मुंबई, मग मद्रास. जेआरडींनी ती उचलून धरली. टाटा समूहातले जॉन पीटरसन पाठीशी उभे राहिले. समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तयार झाले. भांडवल दोन लाख रुपये.

अडलं कुठे? सरकारदरबारी. अनुदान द्यायला सरकार तयार नव्हतं. मागणी कमी करत करत टाटांनी शेवटी अनुदानाशिवाय सेवा चालवायची तयारी दाखवली, फक्त नेलेल्या टपालाच्या हिशेबाने पैसे द्या म्हणाले. तेव्हा कुठे एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला.

इथे पहिला नियम कळतो. तेव्हाच्या विमान कंपनीचं एक टोक कुठे असेल हे टपालाच्या कराराने ठरवलं. दुसरं टोक, म्हणजे घर, ठेवलं मुंबईत, कारण टाटाही तिथे आणि जुहूचं मैदानही तिथे.

आणि हे घर पहिल्या दिवसापासून ओलं होतं. सेवा सुरू व्हायची होती सप्टेंबर १९३२ मध्ये. पण पाऊस इतका झाला होता की जुहूला विमान उतरवता येईना. मुहूर्त महिनाभर पुढे गेला. १५ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी स्वतः पस मॉथ विमान घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. अहमदाबादला थांबून इंधन घेतलं, जे तिथे बैलगाडीतून आणलं होतं. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट पुढे निघाला, रात्री बेल्लारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचला.

विमानात रेडिओ नाही. जमिनीवर दिवे नाहीत. जुहूला हँगर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पूर्ण वेळचा वैमानिक एकच, जोडीला जेआरडी आणि व्हिन्सेंट. अर्ध्या वेळेचा एक इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. आणि तरी पहिल्या वर्षी कंपनी वेळेवर चालली, वर साठ हजार रुपयांचा नफाही झाला.

याच काळात पावसाळ्यातल्या पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राच्या पातळीवरची चिखलट जमीन. पावसाळ्यात तिथे तळ ठेवणं अशक्य. मग येरवडा. घाट चढून वर आलं की जमीन कोरडी आणि निचऱ्याची. आज मुंबई-पुणे अंतराचे विनोद करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एअर इंडियाच्या बालपणाचे पावसाळे पुण्यात गेले आहेत.

परवाना देणारे हात

पुढची काही वर्षं भरभर गेली. सेवा त्रिवेंद्रमपर्यंत पोहोचली. मुंबई-दिल्ली मार्ग सुरू झाला. १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी अख्ख्या टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये युद्ध चालू असताना व्हिन्सेंट इंग्लंडला जाणाऱ्या लष्करी विमानात होता. ते विमान परत आलं नाही. ही कंपनी ज्याच्या कल्पनेतून निघाली तो माणूस असा गेला. मुंबईत आज त्याचं नाव किती जणांना माहीत असेल, हा प्रश्नच आहे.

युद्ध संपलं आणि २९ जुलै १९४६ रोजी, जेआरडींच्या वाढदिवशी, टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. तळही जुहूच्या चिखलातून निघून सांताक्रूझला आला. तिथे युद्धकाळात लष्कराने पक्का विमानतळ बांधला होता.

याच वर्षी सरकारने हवाई परवाने देणारं एक मंडळ नेमलं. युद्धात उरलेली डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली होती. ज्याच्याकडे थोडे पैसे तो विमान कंपनी काढायला निघाला, आणि मंडळाने दहाहून जास्त कंपन्यांना परवाने दिले. जेआरडी सांगत राहिले की देशात एवढा धंदाच नाही, दोन-तीन कंपन्या जगतील, बाकीच्या एकमेकींना घेऊन बुडतील. अंबिका एअरलाइन्स आणि ज्युपिटर एअरवेज बुडाल्यासुद्धा.

यात टाटांचा स्वार्थ नव्हता का? होता. जुनी कंपनी नव्या कंपन्यांना विरोध करते तेव्हा ते शंभर टक्के देशहितासाठी असतं असं मानायला कोणी भोळं नसावं. पण तळाच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्रत्येक कंपनीचा वेगळा हँगर, वेगळं सुट्या भागांचं कोठार, वेगळे इंजिनिअर. पाच विमानांची कंपनी असो की पन्नास विमानांची, एवढा खर्च अंगावर पडतोच.

एका बाबतीत मात्र जेआरडींचा अंदाज चुकला, आणि ती गोष्ट नागपूरची आहे.

मध्यरात्रीचं नागपूर

दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या मनात रात्रीची टपाल सेवा होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला सगळी नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. देशाच्या नकाशावर बोट ठेवलं तर नागपूरच का, ते लगेच कळतं.

जेआरडींनी याला जाहीर विरोध केला. रात्री उतरण्यासाठी लागणाऱ्या सोयी पुऱ्या नाहीत, यात धोका आहे आणि यात पैसे सुटणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सरकारने दुसऱ्या कंपनीला काम दिलं आणि जानेवारी १९४९ मध्ये सेवा सुरू झाली. मंत्री आणि उद्योगपती यांची चांगलीच जुंपली. पण सेवा टिकली, आणि वीसहून जास्त वर्षं चालली. संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी हजार किलोमीटरवर पोहोचायला लागलं. आज कुरियर कंपन्या ज्याला हब म्हणतात आणि एका ठिकाणी सगळी विमानं आणून पार्सलं वाटतात, ते नागपूरकरांनी १९४९ मध्येच पाहिलं होतं.

देशाबाहेर जायचं तर

आता नागरिकत्वाची गोष्ट. १९४४ मध्ये शिकागोला बावन्न देशांची परिषद भरली आणि हवाई वाहतुकीचा करार झाला. आजही जगभरची विमानं त्याच्याच चौकटीत उडतात. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या. एक, प्रत्येक विमान कोणत्या तरी एकाच देशात नोंदवलेलं असतं आणि तोच देश ते उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र देतो. भारतात नोंदवलेल्या विमानावर व्हीटी ही अक्षरं दिसतात ती त्यासाठीच. दोन, परदेशात नियमित सेवा सुरू करायची तर त्या देशाची परवानगी लागते. ही परवानगी देश देशाला देतो, आणि मग देश आपल्या कंपनीचं नाव पुढे करतो. त्या कंपनीची मालकी आणि नियंत्रण मुख्यतः आपल्याच नागरिकांकडे असावं, अशी अट देशांमधल्या करारांत असते.

म्हणजे मुंबईहून लंडनला विमान न्यायचं तर चांगली कंपनी असणं पुरेसं नव्हतं. ती भारताची कंपनी असावी लागणार होती.

जेआरडींनी सरकारपुढे मांडलेला प्रस्ताव याच्याशी जुळणारा होता. एअर इंडिया इंटरनॅशनल ही नवी कंपनी काढायची, त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ टक्के आणि उरलेला लोकांचा. सरकारला वाटलं तर आणखी २ टक्के घेऊन बहुमत मिळवायची मुभा. सरकारने होकार दिला, आणि ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. प्रवासी ३५.

ही २ टक्क्यांची खिडकी टाटांनीच ठेवली होती. पाच वर्षांत सरकार दारातूनच आत आलं.

१ ऑगस्ट १९५३

कंपन्या तोट्यात होत्या. सरकारने १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीकडून चौकशी करून घेतली होती. समितीचा रोख होता कंपन्या एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्याकडे. कंपन्या आपणहून एकत्र आल्या नाहीत. मग जगजीवन राम दळणवळण मंत्री असताना सरकारने ठरवलं की सगळ्याच ताब्यात घ्यायच्या. जेआरडींना राग निर्णयाचा होताच, त्याहून जास्त पद्धतीचा होता. सगळं ठरून झाल्यावर त्यांना बोलावलं गेलं, आणि बोलणं निघालं ते नुकसानभरपाईचं. नेहरूंशी त्यांची जुनी ओळख. तीही कामी आली नाही.

कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून दोन महामंडळं आली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल, देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स. दोन वेगळी महामंडळं असावीत हा जेआरडींचा आग्रह होता. एकच केलं तर देशातल्या बुडत्या कंपन्या चांगल्या चाललेल्या आंतरराष्ट्रीय सेवेलाही खाली ओढतील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली होती. हे वाक्य डोक्यात ठेवा, २००७ ला परत लागेल.

इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला काय आलं ते पाहण्यासारखं आहे. आठ कंपन्या, त्यांतली ७४ विमानं डाकोटा, आणि प्रत्येकीचं आपापलं घर. डेक्कन एअरवेजचा तळ हैदराबादला बेगमपेठला. भारत एअरवेजचा कलकत्त्याला. इंडियन नॅशनल एअरवेजचा दिल्लीला. मुंबईत जुन्या एअर इंडियाचा आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाचा. मुख्यालय दिल्लीत गेलं, पण हँगर होते तिथेच राहिले. कारण तेच. कागद एका सहीने दिल्लीला जातात, इंजिन उघडून बसवणारा माणूस बेगमपेठलाच राहतो. नव्या कंपनीने आपला तळ नकाशा पाहून निवडला नाही, तो तिला वारशात मिळाला.

१९३२ साली झावळ्यांच्या शेडमध्ये जन्मलेल्या कंपनीचा देशांतर्गत भाग असा जेआरडींच्या हातून गेला. आंतरराष्ट्रीय भागाचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं. बिनपगारी. आणि पुढची पंचवीस वर्षं ते सरकारच्या मालकीची कंपनी स्वतःची असल्यासारखी चालवत राहिले.

सांताक्रूझचं राज्य

ही पंचवीस वर्षं एअर इंडियाची सगळ्यात चांगली वर्षं मानली जातात. मुख्यालय मुंबई, देखभालीचा तळ सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर, कलिनाच्या बाजूला. कर्मचारी त्याच भागात राहायचे. कलिनाची एअर इंडिया कॉलनी त्यातूनच उभी राहिली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. एवढ्या लवकर हे करणारी जगातली ती पहिलीच कंपनी.

जेआरडी प्रवास करताना वही काढून बसायचे. पडदे, चहाचा रंग, काटे-चमचे, सगळ्यावर शेरे. नंतर ते कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडायचे. एवढ्या मोठ्या समूहाच्या अध्यक्षाने चहाच्या रंगाकडे का बघावं, असं कोणालाही वाटेल. त्यांना वाटायचं नाही.

हे चाललं कशामुळे? मालक सरकार होतं पण दिल्ली लांब होती, हे एक कारण नक्की. मुख्यालय, हँगर आणि अध्यक्ष तिघंही मुंबईत. विमानात बिघाड झाला तर निर्णय घेणारा आणि पाना फिरवणारा यांच्यात एका शहराचंच अंतर. १९७४ मध्ये नरिमन पॉइंटला एअर इंडियाची तेवीस मजली इमारत उभी राहिली आणि मुंबईच्या समुद्रावरून दिसणाऱ्या चित्राचा भाग झाली.

१ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट, सम्राट अशोक, सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि काही मिनिटांत वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून अनेकदा त्या जोडल्या जातात. पण मोरारजी आणि जेआरडी यांचं जमत नव्हतं हेही तेवढंच खरं. सरकारचं पत्र हातात पडायच्या आधीच बातमी त्यांच्यापर्यंत आली. तेव्हा ते जमशेदपूरला होते. बिनपगारी कामावरून असं काढलं जाणं भारतात फार कमी लोकांच्या वाट्याला आलं असेल.

१९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं. अध्यक्षपद मात्र परत आलं नाही.

शेवटची फेरी

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीला गेले. आता तो दुसरा देश होता. जुन्या बनावटीच्या लेपर्ड मॉथ विमानात बसून ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, पहिल्याच रस्त्याने. १९३२ मध्ये एकाच सरकारचा एक करार पुरला होता. आता त्याच अंतरात एक आंतरराष्ट्रीय सीमा होती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं, आणि त्यांना पॅरिसमध्ये पेर लाशेज दफनभूमीत ठेवण्यात आलं. ज्या १९५३ च्या कायद्याने त्यांची कंपनी घेतली, तो रद्द झाला ते गेल्यानंतर काही महिन्यांनी, १९९४ मध्ये.

मग त्या घराचं काय झालं?

२००७ मध्ये सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. जेआरडींनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच. तोटा वाढत गेला. २०१३ मध्ये मुख्यालय मुंबईहून दिल्लीला गेलं. नरिमन पॉइंटची इमारत पुढे १,६०१ कोटी रुपयांत महाराष्ट्र सरकारला द्यायचं ठरलं. मधल्या काळात नागपूर परत गोष्टीत आलं. एअर इंडियाने बोइंगची मोठी ऑर्डर दिली होती, त्या सौद्याचा भाग म्हणून बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र बांधून दिलं. ते २०१५ मध्ये सुरू झालं.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत आली. बातम्यांमध्ये घरवापसी हाच शब्द होता. विमानं आली, मार्ग आले, महाराजा आला. पण हँगरमधली माणसं? देखभालीचं काम सरकारने त्याआधीच एका वेगळ्या कंपनीत टाकलं होतं, तिचं नाव एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस. ती विक्रीत नव्हती. ती सरकारकडेच राहिली, आणि नागपूरचं केंद्रही तिच्याकडेच. विमान टाटांचं आणि ते उघडून तपासणारा सरकारी, अशी वेळ आली.

आजच्या नियमांत कंपनी भारतात नोंदलेली आणि तिचं मुख्य कामकाज भारतात असलं पाहिजे, अध्यक्ष आणि दोन तृतीयांश संचालक भारतीय नागरिक असले पाहिजेत, आणि देखभाल करणाऱ्या संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता पाहिजे. ती संस्था विमान कंपनीच्याच मालकीची असावी असं बंधन नाही. शहर कोणतं हेही सरकार सांगत नाही. ते कंपनीने निवडायचं.

टाटांनी निवडलं. एअर इंडियाचं मुख्यालय आता गुरुग्रामला आहे, आणि देखभालीच्या नव्या तळासाठी २०२४ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या विमानतळावर काम सुरू केलं.